गावाला पाणकर हवा

टेकडीच्या उतारावर शंभर मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल समतल चर खणला, तर एका भरतीला त्यात अठरा हजार लिटर पाणी मावतं. हा कागदावरचा हिशेब झाला. त्या शंभर मीटरांत एकाच जागी चराची खालची कड दहा सेंटिमीटरनं बसलेली असली, की चर तिथपर्यंतच भरतो आणि बाकीचं सगळं पाणी त्या एका खाचेतून खाली उतरतं. पहिल्या मोठ्या पावसात तिथे घळ पडते. दुसऱ्या पावसात ती घळ खालच्या चराला फोडते, तो त्याच्या खालच्याला. चर नसता तर पाणी उतारभर पसरून वाहिलं असतं. आता ते एका धारेत धावतं आणि पायथ्याच्या वावरातली माती घेऊन जातं. यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याच्या मुरमाड टेकड्यांवर असे फुटलेले चर पाहायला फार फिरावं लागत नाही.

खणणाऱ्यांनी मेहनतीत कसूर केलेली नसते. चुकते ती आखणी, आणि ती चुकते कारण गावात समपातळी काढू शकणारं माणूस नसतं. बाहेरून कुणी येतं, चुन्याची रेघ मारून जातं, चार दिवसांत रेघ पुसली जाते आणि मग नजरेच्या अंदाजानं खणलं जातं.

समपातळी काढायला लागतं तरी काय? सात-सात फुटांचे दोन सरळ बांबू, वरच्या टोकाला घट्ट बांधलेले. खाली दोन पायांत पाच फुटांचं अंतर. निम्म्या उंचीवर साडेतीन फुटांचा आडवा दांडा. वरच्या गाठीतून सोडलेली सुतळी आणि तिच्या टोकाला, आडव्या दांड्याच्या खाली लोंबेल असा, मुठीएवढा दगड. हीच ती ‘ए’ फ्रेम. तिचे पाय जिथे टेकतात तिथे दोन खुंट्या ठोकायच्या आणि सुतळी आडव्या दांड्याला जिथे लागते तिथे खूण करायची. मग फ्रेम फिरवून डावा पाय उजव्या खुंटीवर आणि उजवा डाव्या खुंटीवर ठेवायचा, पुन्हा खूण करायची. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्यावर तिसरी खूण केली, की सुतळी तिच्यावर आली म्हणजे दोन्ही पाय एका पातळीत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईलाही हे अर्ध्या दिवसात येतं.

अर्ध्या दिवसात येत नाही ते पुढचं. वाऱ्यात सुतळी हलते, म्हणून दगड जड घ्यावा लागतो आणि सुतळी थांबेपर्यंत थांबावं लागतं. ओला बांबू वाळला की दोर सैल होतो आणि कालची खूण आज खोटी ठरते, म्हणून रोज सकाळी फ्रेम तपासून घ्यावी लागते. पाय गवताच्या ठोंबावर टेकला तर रेघ चार बोटं वर सरकते. पाण्याच्या नळीनं पातळी काढत असाल, तर नळीत अडकलेला एक बुडबुडा सगळी ओळ बिघडवतो. चर कितीही नीट आला तरी दर दहा-पंधरा मीटरला हातभर जागा न खणता सोडायची असते, म्हणजे एक तुकडा फुटला तरी अख्ख्या चराचं पाणी तिथे धावत नाही. आणि भारी काळ्या मातीत असे चर खणायचेच नसतात. उन्हाळ्यात त्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी भेगेत शिरतं आणि वरंब्याला आतून पोखरतं. आपल्या हातानं आखलेला चर एका पावसाळ्यात भरताना आणि एखाद्या जागी फुटताना पाहिला, की मग हे शहाणपण अंगात मुरतं. सभागृहातल्या पडद्यावर ते दाखवता येत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे: हवामान बदलाला तोंड देण्यासाठी गावकऱ्यांना ‘प्रशिक्षित’ करण्याच्या नावाखाली दोन-दोन दिवसांची जी शिबिरं होतात, त्यांवरचा पैसा आणि वेळ तिथून काढावा. तो गावातल्या पाच माणसांना निदान तीन पावसाळे, त्यांच्याच शिवारात शिकवण्यावर घालावा. आणि शिकून झाल्यावर त्या कामाचा रोज त्यांना कायम मिळावा.

ही कल्पना विदर्भाला नवी नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या पूर्व भागात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे एकेकाळी गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले तलाव, सहा हजारांवर आहेत. कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळापासून ते बांधत आणले. त्या तलावांवर पाणकर असे. कोणत्या बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला, आधी पाणी, कुणाला किती वेळ, तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कधी उघडायचं, पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, घूस लागली का, हे पाहणं त्याचं काम, आणि त्याबद्दल शेतकरी त्याला धान देत. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांची देखभाल कार्यालयांच्या वेळापत्रकात जाऊन बसली. मालगुजारी गेली हे उत्तमच झालं. पण तिच्याबरोबर गावाच्या पाण्याकडे रोज लक्ष देणारं, शिकलेलं आणि मोबदला मिळणारं माणूसही गेलं. त्याच्या जागी आपण कुणाला आणलं नाही.

तलाव पुन्हा जिवंत करणं म्हणजे जेसीबी लावून खोल करणं, असा समज आता पक्का झाला आहे. गाळ काढायलाच हवा, तो वावरात गेला तर मातीचं सोनं होतं, यात वाद नाही. पण यंत्र सरळ उभी कड कापतं. तलावाचा जो हळूहळू उतरत जाणारा काठ असतो, गुडघाभर पाण्याचा, तोच देशी माशांच्या अंडी घालण्याचा आणि पक्ष्यांच्या चरण्याचा पट्टा. तो कापला की तलावात पाणी दिसतं, जीव दिसत नाही. खोदताना चिकण मातीचा थर संपून मुरूम लागला आणि तिथेही हात थांबला नाही, तर तळाचं झाकण निघतं आणि जानेवारीपर्यंत टिकणारं पाणी दिवाळीनंतर उतरू लागतं. पाळीच्या पायथ्याला लागून खोदलं, तर पाळ खचते. जेसीबीचा चालक तासावर काम करतो, त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. मातीचा रंग बदलला की ‘थांब’ म्हणणारं माणूस काठावर उभं असायला हवं.

गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बायकांनी दुसरी वाट दाखवून दिली आहे. त्या कामाचा क्रम नीट समजून घेण्यासारखा आहे. एप्रिल-मे महिन्यांत, तळ उघडा पडला की, आधी बेशरम काढायची. ही वनस्पती तोडली की वाढते. तिच्या खोडाचा वीतभर तुकडाही ओल मिळाली की मूळ धरतो. म्हणून सब्बल (पहार) लावून गड्ड्यासकट उपटायची, एकही तुकडा तळात राहू द्यायचा नाही, ढीग पाण्याच्या पातळीच्या बराच वर रचून कडक उन्हात वाळवायचा. पाणी असताना काढली तर तुटलेले तुकडे तरंगत जाऊन चार नव्या जागी रुजतात. पुष्कळ ठिकाणची मेहनत याच एका कारणानं वाया गेली आहे. मग तळाची कडक झालेली माती नांगरायची. पाऊस लागून पाणी गुडघ्याला आलं की लावणी. अगदी काठाला, फूटभर पाण्यात, देवधान आणि गाद. त्याच्या आत कमळासारख्या, पानं तरंगणाऱ्या वनस्पती. आणखी आत पाण्याखाली वाढणारी हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया. रोपं जवळच्या चांगल्या तलावातून आणायची, तीही एका जागेवरून सगळी न उपटता. ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी लावायची, कारण पाण्याखालच्या वनस्पतीची पानं तासाभराच्या उन्हानं करपतात. खोल जागी हात पोचत नसेल, तर मुळांभोवती चिखलाचा गोळा करून तो अलगद सोडायचा. पहिल्या वर्षी जनावरं काठावर येऊ नयेत, एवढी राखण मात्र लागते.

या वनस्पती आल्या की त्यांच्या आडोशाला देशी मासे अंडी घालतात, पिल्लं वाचतात आणि मच्छीमार संस्थेचं दरवर्षी कटला-रोहूचं बीज विकत आणण्यावरचं अवलंबन कमी होतं. गोंदियाच्या ज्या मोजक्या सारस पक्ष्यांचं आपल्याला कौतुक आहे, त्यांचं खाणं याच काठावरच्या चिखलात असतं. कोणती वनस्पती किती पाण्यात उगवते आणि तिच्यात कोणता मासा लपतो, हे ज्ञान ढिवरांच्या घरात होतंच. प्रशिक्षणानं त्यात भर घातली ती नोंद ठेवण्याची, क्रम लावण्याची आणि हिशेबाची. शिकवण्याची ही रीत आम्हाला सर्वांत योग्य वाटते: जाणत्यांच्या जाणिवेपासून सुरुवात, आणि जिथे ती कमी पडते तिथेच बाहेरचा हात.

ती कमी पडते, हेही मान्य करायला हवं. ‘गावकऱ्यांना सगळं माहीत असतं, त्यांना शिकवणारे तुम्ही कोण’ हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण आजच्या पावसापुढे टिकत नाही. आजोबांनी सांडव्याची रुंदी ठरवली ती त्यांनी पाहिलेल्या पावसावरून. आता पंधरा दिवसांची उघडीप पडते आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस कोसळतो. रायमुनिया, म्हणजे घाणेरी, आणि गाजरगवत या आजोबांच्या आजोबांनी न पाहिलेल्या वनस्पती. त्यांच्यावरचा उपाय परंपरेत कुठून सापडणार?

रायमुनियाचंच पाहा. झुडूप कोयत्यानं जमिनीलगत तोडलं की वर्षभरात दुप्पट फांद्या फुटतात. पेटवलं तर तीच आधी उठते. जेसीबीनं उपटलं तर जमीन उलटते आणि मातीत दडलेलं तिचं बी वर येतं. दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटानं घालून दिलेली पद्धत त्यामानानं साधी आहे: जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, खोड आणि मूळ जिथे जुळतात त्याच्या जरा खाली, टिकासानं मूळ कापायचं, झुडूप उचलून उलटं ठेवायचं, मुळं आकाशाकडे. बाकीचं मूळ जमिनीतच राहू द्यायचं. त्याला फुटवा येत नाही. हे फळं धरायच्या आत करायचं. खरं काम मात्र त्यानंतर सुरू होतं. पुढच्या पावसाळ्यात, पक्षी बसतात त्या झाडांखाली, रायमुनियाची बोटभर रोपं शेकड्यांनी उगवतात. ती ओल्या मातीतून हातानं उपटावी लागतात, दुसऱ्या वर्षी पुन्हा, तिसऱ्या वर्षीही. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच गवत आणलं नाही, तर रानतुळस आणि तरोटा ती जागा घेतात. एका हंगामाची मजुरी मंजूर करून ‘घाणेरी निर्मूलन पूर्ण’ असा शेरा मारला, की तीन वर्षांनी तिथे पहिल्यापेक्षा दाट जाळी उभी असते आणि पुन्हा नवा निधी मागितला जातो.

गवताचंही शास्त्र आहे आणि ते सर्वांत दुर्लक्षित आहे. मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळी यांचं बी दसरा-दिवाळीच्या सुमारास शेंड्याकडून पिकत येतं. सगळी लोंबी एकदम कापायची नसते. मूठ सैल धरून वर ओढली की पिकलेलं तेवढं हातात येतं. हे ताजं बी लगेच टाकलं तर बहुतेक उगवत नाही, ते सुप्तावस्थेत असतं. सावलीत वाळवून, कापडी पिशवीत ठेवून पुढच्या जूनला टाकायचं. प्लॅस्टिकच्या पोत्यात भरलं की बुरशी. घाई असेल त्यांनी बियाण्याच्या नादी न लागता पावसाळ्यात दीड-दीड फुटावर ठोंब लावावेत, ते खात्रीचं.

आणि गवताळ माळ ही ‘पडीक’ जागा नव्हे, हे तर प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी शिकवायला हवं. कारंजा, बार्शीटाकळीकडचे माळ काळविटांचे आणि तणमोर या गवतात राहणाऱ्या पक्ष्याचे. फासेपारधी माणसाला तणमोराची उडी कुठल्या गवतातून येते हे ठाऊक असतं. खड्डे मोजणाऱ्याला तिथे फक्त रिकामी जमीन दिसते. अशा माळावर ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावून आपण अधिवासाचा नाश करतो आणि त्याची नोंद वृक्षलागवड म्हणून होते.

बियांचं पंचांग प्रत्येक गावाचं थोडं वेगळं असतं, तरी काही गोष्टी सगळीकडे लागू आहेत. मोहाची टोळं आणि कडुनिंबाच्या लिंबोळ्या पावसाच्या तोंडावर पिकतात आणि त्यांचं बी दोन-तीन आठवड्यांत मरतं; दिवाळीपर्यंत डब्यात जपून ठेवलेलं मोहाचं बी निव्वळ कचरा. बाभळीचं बी उलट, टणक सालीमुळे उगवत नाही. ते गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवावं, किंवा सरळ शेळ्यांच्या कोठ्यातून झाडून आणावं, कारण रवंथ करताना शेळी ते टाकते आणि ते उगवायला तयार असतं. खड्डे एप्रिल-मेमध्ये, दीड फूट लांब-रुंद-खोल, आणि उन्हात तापू द्यायचे. रोप पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय लावायचं नाही. पिशवी कापल्यावर मुळं तळाला वेटोळी झालेली दिसली, तर तो वेढा कापूनच लावायचं. नाहीतर झाड दोन वर्षं हिरवं राहतं आणि तिसऱ्या वर्षी वादळात मुळासकट कलंडतं.

राज्यानं २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं. हे सगळे आकडे लावणीच्या दिवसाचे. पण विदर्भात रोप मरतं ते ऑक्टोबरच्या उन्हात आणि मग फेब्रुवारी ते मे या काळात. त्या काळात त्याच्याकडे पाहणाऱ्याचा रोज कोणत्या शीर्षातून द्यायचा, हे दरसूचीत शोधून पाहा. खड्ड्याला दर आहे, मातीच्या घनमीटरला दर आहे. सांडव्यातला कचरा काढणाऱ्याला, रायमुनियाची रोपं उपटणाऱ्याला, जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा, राखणाऱ्याला वर्षभराचा दर सापडत नाही. मोजमाप पुस्तिकेत जे मोजलं जातं तेच काम होतं. प्रशिक्षण कितीही चांगलं दिलं तरी ही गाठ सुटल्याशिवाय शिकलेला माणूस हिवाळ्यात कापूस वेचायला किंवा नागपूरला बांधकामावर जाणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

हिशेब करू. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा रोज ३१२ रुपये होता. पाच माणसं, महिन्याला आठ दिवस, वर्षाचे ९६ दिवस: एकूण १ लाख ४९ हजार ७६० रुपये. हे कसबी काम आहे, त्याला ५०० रुपये रोज द्यावा असं आमचं मत, तर २ लाख ४० हजार. एका लहान सिमेंट बंधाऱ्याला याहून जास्त लागतात, आणि पाळ राखणारं कुणी नसल्यानं तो बंधारा दोन पावसाळ्यांत बाजूनं फुटला, तर ते सगळेच गेले. पैसा कुठून, हाही प्रश्न तितका अवघड नाही. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या गडचिरोली-गोंदियाच्या अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबू स्वतः विकतात. कायद्याच्या कलम ५ नुसार जंगल राखण्याची जबाबदारी आणि अधिकारही त्यांचाच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये. पाचगावनं तर झाडांची छाटणी आणि आगी टाळण्यासाठी तेंदू तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. जिथे असं उत्पन्न नाही, त्या पश्चिम विदर्भातल्या गावांसाठी जलसंधारणाच्या प्रत्येक मंजूर कामात देखभालीचा ठरावीक वाटा पाच वर्षांसाठी बाजूला काढण्याचा नियम सरकारनं करावा. नवं खातं नको, नवी योजना तर नकोच.

समित्यांची आपल्याकडे वानवा नाही. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही हवी. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि दंडाचा बडगा दाखवला, तेव्हा नोंदवह्या धडाधड पूर्ण झाल्या. अशा घाईत भरलेल्या वहीत शेजारच्या दहा गावांची तीच झाडं, त्याच क्रमानं असली तर आश्चर्य कसलं! वही ज्यानं भरायची त्याला बांधावरचं गवत ओळखायला शिकवण्याची मुदत मात्र कुणी घातली नव्हती. पोकरा या राज्याच्या हवामान-अनुकूल शेती प्रकल्पाच्या ग्राम कृषी संजीवनी समित्या आहेत, संयुक्त वनव्यवस्थापनाच्या आहेत, पाणलोटाच्या आहेत. एकाच गावात चार समित्या आणि ‘ए’ फ्रेम कुणालाच येत नाही, हे चित्र बदलायचं तर चारही समित्यांनी त्याच पाच माणसांकडून काम घ्यावं.

लोक शिकतात का, याची शंका उरलेली नाही. २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा चार दिवसांच्या निवासी शिक्षणावर गावांनी पंचेचाळीस दिवस श्रमदान केलं, आखण्या स्वतः केल्या. स्पर्धेला शेवटचा दिवस असतो. पाळीला नसतो.

माणसं निवडताना एक चूक हटकून होते: ‘होतकरू तरुण’ शोधले जातात. बावीस वर्षांच्या मुलाला पोलीस भरतीची तयारी करायची असते, आणि त्यानं ती करावी. तीस ते पन्नास वयाच्या, गावात संसार असलेल्या, रानात रोज जाणाऱ्या बाया आणि गुराखी हे या कामाचे खरे उमेदवार. पाचांत निदान तीन बाया असाव्यात. प्रत्येक कामाला दोघं तयार करावीत, म्हणजे एकाचं बाळंतपण-आजारपण निघालं तरी काम थांबत नाही. निवड ग्रामसभेत, हात वर करून. सरपंचाच्या घरी यादी तयार झाली तर पहिल्याच वर्षी काम बसतं. आणि शेवटची परीक्षा कागदावर नको. एक टेकडी द्यावी, शंभर मीटर रेघ आखायला सांगावी, अभियंत्यानं आपल्या यंत्रानं तपासावी. फरक दोन बोटांच्या आत असला तर उत्तीर्ण.

शिकवण्याचा मजकूरही जिल्ह्यागणिक बदलायला हवा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी मुरवून विहिरी गोड होत नाहीत. तिथे पावसाचं पाणी शेततळ्यात वरच्या वर साठवणं आणि शेताबाहेर जादा पाण्याला वाट काढणं शिकवावं लागेल. चंद्रपूर-गडचिरोलीत वाघाच्या रानात काम करण्याची शिस्त आधी येते: सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर रानात नाही, एकटं नाही, वाकून वेचणाऱ्यांच्या बाजूला एक जण उभा राहून नजर ठेवणार. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ. उपग्रहावरून आगीचा संदेश येतो, पण तो ज्याच्या फोनवर येतो त्याला ती जागा पायवाटेनं कुठून जवळ पडते हे ठाऊक हवं. मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवण्याऐवजी झाडून बाजूला करायला तास लागतो, आणि निम्मे वणवे तिथेच टळू शकतात असं आम्हाला वाटतं. उन्हाळ्यात काम सकाळी सहा ते साडेदहा. बरोबर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलेलं आणि शुद्ध जात असली, तर तोंडात पाणी ओतायचं नाही; सावलीत नेऊन ओल्या कापडानं अंग थंड करत दवाखाना गाठायचा.

एका स्वस्त वस्तूनं सुरुवात करता येते. साधा पर्जन्यमापक. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या दुप्पट अंतरावर मोकळ्यात बसवलेला. रोज सकाळी साडेआठला वाचायचा, पाऊस नसला तरी शून्य लिहायचं. आपल्याकडे २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी धरतात, आणि तो मोजला जातो महसूल मंडळाच्या केंद्रावर, जे गावापासून आठ-दहा किलोमीटरवर असू शकतं. आपल्या शिवारात किती पडला याची तीन वर्षांची वही हाताशी असली, की तलाठ्याशी बोलणं वेगळ्या सुरात होतं, पेरणी कधी करायची हे शेजाऱ्याकडे पाहून ठरत नाही आणि सांडवा किती रुंद हवा याला आधार मिळतो.

यंदा कुणाला सुरुवात करायची असेल, तर मे महिन्याच्या ग्रामसभेत पाच नावं घ्यावीत, त्यांचे दिवस आणि रोज ठरावात लिहावेत. शेवटच्या आठवड्यात तुडूम एकदा उघडून-मिटून पाहावं, पाळीवरची घुशीची बिळं चिकण मातीनं ठासून बुजवावीत, सांडव्यातली बेशरम गड्ड्यासकट काढावी. पर्जन्यमापक खांबावर चढवावा आणि वहीच्या पहिल्या पानावर १ जूनची तारीख घालून ठेवावी.